पेढी, कापूस आणि कायद्याचे आठवे कलम

१९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यातील आठवे कलम अगदी लहान आहे. बँकेने स्वतः किंवा कुणाच्या आडून मालाची खरेदी-विक्री अथवा अदलाबदल करू नये. तारण म्हणून हाती आलेला माल विकून कर्ज वसूल करावयाचे असेल तर तेवढी मोकळीक, असा त्याचा मुख्य आशय. वाणिज्य शाखेचे विद्यार्थी हे कलम परीक्षेपुरते पाठ करतात. साहित्याच्या विद्यार्थ्याची आणि त्याची गाठ पडण्याचे सहसा कारण नसते. पण ज्या प्रदेशात आम्ही राहतो आणि शिकवतो त्या वऱ्हाडचा एकोणिसाव्या शतकाचा इतिहास वाचू लागलो की हे कोरडे कलम वेगळे दिसू लागते. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वऱ्हाडच होता असा दावा येथे करावयाचा नाही. मात्र ज्या दुखण्यावर हे कलम औषध म्हणून आले, ते दुखणे या मातीने फार आधी आणि फार जवळून भोगले होते, एवढे निश्चित म्हणता येते.

आरंभ एका शब्दापासून करू. मराठीत ‘पेढी’ हा शब्द व्याजबट्ट्याच्या घराला लावतात, आडतीच्या दुकानालाही लावतात आणि सोन्याचांदीच्या दुकानालाही. सावकाराची पेढी, आडत्याची पेढी, सराफाची पेढी असे आपण सहज बोलतो आणि त्यात काही विसंगती आहे असे कुणालाही वाटत नाही. कारण उघड आहे. जो पैसा देई तोच माल घेई, आणि जो माल घेई तोच हुंडी लिहून देई. ‘बँक’ हा परका शब्द मराठीत रुळला तेव्हा त्याच्याबरोबर एक नवी कल्पनाही आली : पैशाचा व्यवहार करणारे घर आणि मालाचा व्यवहार करणारे घर ही दोन निराळी घरे असली पाहिजेत. ही कल्पना ग्रंथातून आयती आलेली नाही. ती अनेक दिवाळखोऱ्यांतून शिकली गेली आहे. त्यांपैकी दोन आपल्या अंगणातल्या आहेत.

मोताळा हे बुलढाण्याहून मलकापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. बुलढाण्याचा राजूर घाट उतरला की सुरू होणारा हा भाग जुन्या कागदपत्रांतील पयानघाट, म्हणजे लोकांच्या बोलीत ‘घाटाखालचा’ मुलूख. काळी जमीन, कापूस, आणि पलीकडे खामगावची बाजारपेठ. १८५३ पूर्वी हा सारा प्रदेश हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होता, आणि निजामाचे सरकार स्वतः सावकारांच्या अमलाखाली होते असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. सरकारला फौजेचा पगार द्यायला रोख हवी असे. ती सावकार देई. परतफेडीसाठी सरकारकडे रोख नसल्याने त्याला एखाद्या मुलखाचा महसूल लावून दिला जाई. अशा रीतीने कर्ज देणारा पाहता पाहता सारा वसूल करणारा होत असे.

या खेळातील पहिले मोठे नाव विल्यम पामर आणि कंपनी. जनरल विल्यम पामर यांचा मुलगा विल्यम याने १८१४ साली हैदराबादेत ही पेढी उघडली. तिचा आरंभीचा उद्योग मोठा लक्षणीय आहे. गोदावरीच्या खोऱ्यातील सागवान नदीतून समुद्रापर्यंत वाहून न्यावे आणि त्यातून जहाजे बांधावी, अशी ती योजना होती. म्हणजे पेढी निघाली ती व्यापारासाठी. पुढे तिचा मुख्य धंदा झाला तो निजाम सरकारला कर्ज देण्याचा. इंग्रज प्रजाजनांनी देशी संस्थानिकांना कंपनीच्या परवानगीवाचून कर्ज देऊ नये, असा १७९७ चा पार्लमेंटचा कायदा होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने १८१६ मध्ये पामर कंपनीला त्यातून सूट दिली. पेढीचा एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड याची पत्नी ही लॉर्ड हेस्टिंग्जच्या घरी वाढलेली, त्याची पालित कन्या होती. ही गोष्ट त्या काळीही चर्चेचा विषय झाली होती.

सूट मिळताच पेढीचे हातपाय पसरले. औरंगाबादकडील फौजेचा आणि वऱ्हाड सुभ्यातील फौजेचा पगार ही पेढी देऊ लागली आणि बदल्यात महसुलाची लावणी घेऊ लागली. व्याजाचा दर शेकडा पंचवीसपर्यंत होता. १८२० मध्ये ६० लाखांचे मोठे कर्ज उभे राहिले. त्याच वर्षी चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून हैदराबादेत आला. ६० लाखांतील सगळी रक्कम निजामाच्या हाती पडलीच नाही, तीत काही लाख भागीदारांच्या बक्षिसीचे धरले आहेत, असा आक्षेप त्याने घेतला. पेढीने तो अमान्य केला. या वादाचे कागद पुढे लंडनपर्यंत गेले. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ती नव्हे. पेढीचा हिशेब मिटवण्यासाठी कंपनी सरकारने जो मार्ग काढला तो महत्त्वाचा आहे. उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी निजामाला दरसाल सात लाखांची पेशकश देत असे. ती कायमची बंद करून तिच्या बदल्यात सुमारे १ कोटी १६ लाख रुपये एकरकमी देण्याचे ठरले, आणि त्यातून पामर कंपनीचे देणे भागवले गेले. एका खाजगी पेढीच्या कर्जापायी एका राज्याचे कायमचे उत्पन्न संपले. एवढे होऊनही १८२४ मध्ये पेढी बुडालीच. तिच्याकडे ठेवी ठेवणारे त्यात भरडले गेले.

पामरांच्या मागून वऱ्हाडचा मोठा इजारा हैदराबादचा सावकार पुरणमल याच्याकडे गेला. १८३९ मध्ये रेसिडेंटच्या दबावाने तो त्याच्याकडून काढला गेला. नंतर पुढे आले ते पेस्तनजी आणि कंपनी हे पारशी घराणे. पेस्तनजी मेहेरजी आणि विकाजी मेहेरजी हे बंधू. त्यांचा इतिहास आपल्या प्रश्नाला अधिक जवळचा आहे, कारण येथे व्यापार नुसता नावाला नव्हता.

वऱ्हाडचा कापूस त्या काळी बैलांच्या पाठीवरून उत्तरेला मिर्झापूरच्या बाजारात जाई आणि तेथून गंगेच्या पात्रातून कलकत्त्याकडे. तो पश्चिमेला मुंबईकडे वळवण्याचा पहिला भरीव प्रयत्न १८२५-२६ च्या सुमारास पेस्तनजींच्या पेढीने केला. आल्फ्रेड लायल याने १८७० च्या वऱ्हाड गॅझेटिअरमध्ये याची नोंद केली आहे. पेढीने कापूस पिकवणाऱ्यांना उदारपणे आगाऊ पैसे दिले. खामगावला आणि इतर ठिकाणी गाठी बांधण्याचे स्क्रू बसवले. निजामाच्या राज्यातील मालाची निर्यात हाती घेतली. औरंगाबादच्या टांकसाळीचे कामही या घराण्याकडे होते आणि तेथील नाण्यांना ‘पेस्तनशाही’ म्हणत. १८४१ मध्ये दिवाण चंदुलाल याने सरकारला दिलेल्या कर्जाच्या फेडीसाठी वऱ्हाडातील मोठ्या मुलखाचा महसूल त्यांना लावून दिला.

आता या घटनेकडे खामगावच्या किंवा मलकापूरच्या कास्तकाराच्या बाजूने पाहू. पेरणीच्या आधी ज्याच्याकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर ज्याला कापूस घालायचा, ज्याच्या स्क्रूवर तो बांधला जायचा आणि ज्याच्या कारकुनाकडे सारा भरायचा, ते सगळे एकच घर होऊ शकत होते. असे घर दयाळू असेल की निष्ठूर, हा प्रश्न दुय्यम आहे. पेस्तनजींची पेढी जुलमी होती असे म्हणायला आमच्याकडे आधार नाही. उलट लायलने त्यांचे वर्णन उद्यमशील व्यापारी म्हणूनच केले आहे. खरा प्रश्न भावाचा आहे. कापसाचा भाव ठरवताना घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, तेव्हा देणाऱ्याच्या हाती एकच शस्त्र असते : ‘परवडत नाही, दुसरीकडे जातो’ असे म्हणणे. समोरचा माणूसच आपला धनको आणि आपला साराधिकारीही असेल तर हे वाक्य तोंडातून निघत नाही. त्यासाठी जुलूम करावाच लागत नाही. सगळी खाती एका चोपडीत आली म्हणजे पुरे.

या व्यवस्थेची दुसरी बाजू १८४३ नंतर दिसली. त्या वर्षी चंदुलाल पायउतार झाला. नव्या कारभाऱ्यांनी पेस्तनजींकडे वऱ्हाडचे महाल परत मागितले. कर्ज फिटेपर्यंत मुलूख सोडणार नाही, असे पेढीचे म्हणणे होते. १८४५ मध्ये तो तिला सोडावा लागला आणि त्यातून ते थोर घराणे मोडले. कंपनी सरकारकडे केलेल्या विनवण्यांचा उपयोग झाला नाही. येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. कापसाच्या धंद्यात पेढीला खोट आली नव्हती. ती मोडली राज्याला दिलेल्या कर्जात. पण उचल, स्क्रू, निर्यात आणि राज्याचे कर्ज हे सगळे एकाच तिजोरीत असल्यामुळे एका खोलीतली आग साऱ्या वाड्याला लागली.

यानंतरचा धनको आणखी मोठा होता. निजामाच्या मदतीसाठी म्हणून ठेवलेल्या फौजेचा खर्च थकत गेला, आणि २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड त्या खर्चापोटी कंपनी सरकारकडे लावून देण्यात आला. १९०२ मध्ये दरसाल २५ लाखांवर तो कायम पट्ट्याने इंग्रजांकडे गेला. ज्या पद्धतीने पामर आणि पेस्तनजी यांनी महाल घेतले, त्याच पद्धतीने कंपनीने सुभा घेतला. कंपनी हीसुद्धा आरंभी व्यापारीच होती. तारण ठेवलेला मुलूख म्हणून वऱ्हाडचा आधुनिक इतिहास सुरू होतो. ‘कर्ज’ हा शब्द आपल्याकडे घरोघरच्या दुःखाचा शब्द आहेच, पण तो आपल्या प्रदेशाच्या राजकीय जन्माचाही शब्द आहे.

येथून आपल्याला मुंबईस जावे लागते, कारण वऱ्हाडचा कापूसही तिकडेच गेला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाला सोन्याचे मोल आले. त्या पैशातून मुंबईत ‘शेअर मॅनिया’ उसळला. १८४० मध्ये सनद मिळालेल्या बँक ऑफ बॉम्बेवर आधी कडक बंधने होती. कंपन्यांच्या शेअर्सवर कर्ज देण्याची तिला मुभा नव्हती. १८६३ च्या दहाव्या कायद्याने ही बंधने सैल झाली. मग बॅक बेच्या भरणीसारख्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या शेअर्सवर बँकेचा पैसा वाहू लागला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या धनिकाचा शब्द बँकेच्या कारभाऱ्यांना पुरेसा वाटू लागला. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपल्याची वार्ता आली, कापसाचा भाव कोसळला आणि त्याबरोबर सगळा डोलारा. १८६८ मध्ये जुनी बँक गुंडाळली गेली. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने जी कारणे दिली त्यांत १८६३ च्या कायद्याने मिळालेली धोक्याच्या व्यवहारांची मोकळीक आणि त्या मोकळिकीचा कारभाऱ्यांनी केलेला दुरुपयोग ही प्रमुख होती. १८७६ च्या प्रेसिडेन्सी बँक कायद्याने दोर पुन्हा आवळले. सहा महिन्यांहून लांब मुदतीची कर्जे नकोत, जमीनजुमल्याच्या गहाणावर कर्ज नको, असे नियम आले.

पामर, पेस्तनजी आणि बँक ऑफ बॉम्बे या तिन्ही प्रकरणांत वरवर साम्य थोडे आहे. एक राज्याला कर्ज देणारी पेढी, दुसरी कापसाचा व्यापार करणारी, तिसरी सनदी बँक. पण तिन्हींत एकच गाठ आहे. कर्ज द्यावे की न द्यावे हे ठरवणाऱ्याचा स्वार्थ कर्जाने चालणाऱ्या धंद्यातच अडकला. पामरांना महसूल हवा होता, म्हणून कर्ज वाढवणे फायद्याचे होते. पेस्तनजींचे महाल आणि त्यांचे येणे एकमेकांना बांधलेले होते. मुंबईत शेअर्स चढते ठेवण्यात ज्यांचे हित होते त्यांच्याच शब्दावर शेअर्ससाठी कर्ज मिळत होते. ‘नाही’ म्हणणे हे धनकोचे पहिले कर्तव्य असते. त्याने व्यापाराची गादी घेतली की हे कर्तव्य त्याच्याच गैरसोयीचे होते.

१९४९ च्या कायद्याकडे या दृष्टीने पुन्हा पाहावे. सहाव्या कलमात बँकेने कोणते धंदे करावेत याची यादी आहे. आठव्यात मालाच्या व्यापाराला मनाई. नवव्यात स्वतःच्या वापराची सोडून इतर स्थावर मालमत्ता सात वर्षांपेक्षा जास्त काळ बाळगण्याला मनाई. म्हणजे कर्जात आलेली जमीन विकून मोकळे व्हा, जमीनदार होऊ नका. एकोणिसाव्यात दुसऱ्या कंपनीचे किती शेअर्स बँकेने धरावेत याची मर्यादा. उलट दिशेचा धोकाही होता, तो म्हणजे उद्योगपतींनी बँक ताब्यात घेऊन ठेवीदारांचा पैसा आपल्याच कारखान्यांत वळवणे. त्यावर १९६८ च्या दुरुस्तीने संचालकांच्या हितसंबंधांना कर्ज देण्यावर बंधने आली आणि १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. हा प्रश्न तेथे संपला असेही नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेच्या अंतर्गत कार्यगटाने मोठ्या उद्योगसमूहांना बँक काढू देण्याची शिफारस केली. रघुराम राजन आणि विरल आचार्य यांनी तिच्यावर जाहीर टीका केली. वर्षभराने रिझर्व्ह बँकेने ३३ पैकी २१ शिफारशी स्वीकारल्या, त्यांत ही नव्हती.

हे केवळ मागासलेल्या काळाचे किंवा गरीब देशाचे दुखणे आहे, असा समज कुणी करून घेऊ नये. अमेरिकेने १९५६ च्या कायद्याने बँक आणि व्यापार यांच्यात भिंत घातली. १९९९ च्या कायद्याने तिला खिडक्या पडल्या. त्यातून २०१० मध्ये गोल्डमन सॅक्सने डेट्रॉइट भागात ॲल्युमिनियमची प्रचंड गोदामे चालवणारी कंपनी विकत घेतली. पुढील काळात तेथून धातू बाहेर काढण्यासाठी लागणारी रांग वर्षाहूनही लांबली. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिनेटच्या उपसमितीने या व्यवहारांवर विस्तृत अहवाल दिला. मालाचा साठा आणि मालाच्या भावावरची पैज एकाच घरात असावी काय, हा त्यातला मूळ प्रश्न होता. गोल्डमनने त्याच वर्षाच्या अखेरीस ती कंपनी विकली. डेट्रॉइटची गोदामे आणि खामगावचे स्क्रू यांच्यात दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. पण कोठाराची किल्ली आणि तिजोरीची किल्ली एकाच कमरेला असणे ही गोष्ट तीच आहे.

तरीही या कलमाची आरती ओवाळण्यापूर्वी दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेण्याचे धाडस पेस्तनजींनी केले ते व्यापारी आणि सावकार एकत्र होते म्हणूनच. नुसता व्याजाचा हिशेब करणाऱ्या घराने खामगावला स्क्रू बसवले नसते. हे खरे आहे. भिंत घातली की पैशाला पिकाची भाषा कळेनाशी होते, आणि आज कापसाच्या गावातल्या शेतकऱ्याला बँकेच्या दारात जो परकेपणा जाणवतो त्याचे एक मूळ येथेही असू शकेल. दुसरा आक्षेप असा की हीच एकत्रता आपण गावच्या सोसायटीत मान्य करतो. विविध कार्यकारी सोसायटी पीककर्ज देते आणि खतही विकते. प्राथमिक कृषी पतसंस्थांना १९४९ चा बँकिंग कायदा लागूच नाही.

या दुसऱ्या आक्षेपातच पहिल्याचे उत्तर दडले आहे असे आम्हांस वाटते. सोसायटीचा सभासद हाच तिचा मालक असतो. निदान कागदोपत्री त्याला तेथे मत असते, आणि सोसायटी एका गावापुरती, फार तर चार गावांपुरती असते. तिचे खत नको असेल तर तालुक्याच्या दुकानात जाता येते. पामर किंवा पेस्तनजी यांच्यापुढे वऱ्हाडच्या कुणब्याला ना मत होते, ना दुसरे दुकान. तेव्हा पैसा आणि माल एकत्र येण्यातच पाप आहे असे नाही. ज्याच्यापासून दूर जाण्याची सोय उरत नाही एवढे मोठे घर ते एकत्र करते, तेव्हा ती गोष्ट धोक्याची होते. कायद्याने मोठ्या बँकांना बांधावे आणि गावच्या सोसायटीला मोकळे ठेवावे, यात विसंगती नाही.

साहित्याच्या शिक्षकांसाठी यात एक खास विचार आहे. आपल्या कथा-कादंबऱ्यांनी सावकाराला नेहमी चेहरा दिला : त्याची गादी, त्याची वही, त्याचे बोलणे. त्यामुळे कर्जाचे दुःख आपण एका माणसाच्या दुष्टपणाशी जोडायला शिकलो. आपल्याच जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती कादंबरी वर्गात शिकवताना विद्यार्थी विचारतात की या कुटुंबाचा शत्रू कोण. बोट दाखवावे असा एकच माणूस सापडत नाही, म्हणून ते अस्वस्थ होतात. ही अस्वस्थता योग्य जागी पडली आहे. वऱ्हाडच्या इतिहासातही निर्णायक हानी करणारा धनको बहुधा माणूस नव्हता, व्यवस्था होती. त्याच्या पाटीवर ‘आणि कंपनी’ असे लिहिलेले होते. पाटीमागे रागवावे असे कुणी सापडत नाही. तेथे नियमच लागतो.

म्हणून आठवे कलम हे इतिहासाचे एक पान म्हणूनही वाचावे असे सुचवावेसे वाटते. उद्या ते सैल करण्याचा प्रस्ताव पुन्हा आला, तर तो कार्यक्षमतेच्या, स्पर्धेच्या आणि विकासाच्या भाषेत येईल. १८१६ ची सूट आणि १८६३ चा कायदा यांनाही त्या काळी सोयीचीच कारणे होती. अशा वेळी कापूस पिकवणाऱ्या तालुक्यातील वाचकाने एकच साधा प्रश्न विचारावा. माझ्या मालाचा भाव ठरवायला जो समोर बसणार आहे, त्याच्याच वहीत माझे कर्ज मांडलेले असेल काय?